रिकामी झारी

रोज सकाळी भाऊजी रिकामी झारी घेऊन गच्चीवर जात.

झारी पत्र्याची होती, जुनी, हिरवा रंग जागोजागी उडालेली. ती रिकामीच न्यायची, कारण भरलेली झारी हिंदकळते, हिंदकळली की जिना ओला होतो, आणि जिन्यावर काय होऊ शकतं हे भाऊजींना आता कुणी वेगळं सांगायला नको होतं. वर गेल्यावर ते झारी कठड्याशी ठेवत, हात मागे बांधत आणि बागेला पाणी घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथे काढत. मग खाली येऊन, जरा दम लागल्यासारखं करून, बायकोला सांगत, "घातलं गं पाणी. सगळी खूश आहेत."

सगळी म्हणजे झाडं. आणि गच्चीवर एकही झाड नव्हतं.

आता हा माणूस खोटारडा होता का, तर मुळीच नाही. उलट दुसऱ्यांचं खोटं पकडण्यातच त्यांचा जन्म गेला होता. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. माणूस किती तऱ्हांनी पडू शकतो, याचा त्यांच्याइतका अभ्यास क्वचितच कुणाचा असेल. स्टुलावरून, शिडीवरून, साबणाच्या वडीवरून, स्वतःच्याच चपलेवरून. सगळी पडझड त्यांच्या टेबलावरून गेली होती. त्यामुळे त्यांच्या घरात सतरंजीचे कोपरे ठोकून पक्के केलेले, न्हाणीघरात धरायला जागोजागी कड्या, आणि फरशी पुसली की ती वाळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असा दंडक. बायको चिडवायची, "अहो, मी कुशीवर वळले तरी तुम्ही दोन साक्षीदार मागाल." ते हसत नसत. एका जागेचा त्यांना कायमचा धसका होता, ती जागा म्हणजे गच्चीचा जिना. बायको दिवसातून कितीदा तरी त्यावरून वरखाली करायची, आणि तीही हातात झारी घेऊन.

'भाऊजी' हे नाव त्यांना बागेच्या मंडळींनी दिलेलं. बायको सगळ्यांची ताई, म्हणून हे भाऊजी. ताईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला हेडफोन लावून. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी त्या ओळखायच्या की हा आता चिडणार आहे की रडणार आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कुंडी आणली, मग दुसरी, आणि बघता बघता गच्ची भरून गेली. मोठ्या ड्रममध्ये लिंबोणी, कठड्याशी गुलाब, कोपऱ्यात जाई, सावलीला नेचे, आणि एका फुटक्या बादलीत पुदिना. भाऊजी वर फारसे जात नसत. ते खाली चहा करत. गच्चीवरचं पाणी वाहून नेणारा जाड लोखंडी पाइप झोपायच्या खोलीच्या खिडकीशेजारून उतरत होता. चहा उकळला की भाऊजी खिडकीतून हात बाहेर काढून चमच्याने पाइपवर दोनदा टकटक करत. ती टकटक वर पोचायची, आणि ताई खाली यायच्या. हाक मारायची वेळच यायची नाही. इतकी वर्षं त्या घरात सकाळ अशीच व्हायची.

बागेची मंडळी म्हणजे पाचसहा टाळकी. कधी याच्या बागेत जमायचं, कधी त्याच्या. त्यातले दोघे ताईंच्या खास जवळचे. एक खतकाका, बस चालवून निवृत्त झालेले, ज्यांच्या अंगणात पालापाचोळा कुजवायची पिंपं होती आणि ज्यांच्या कपड्यांना त्याचा वास होता. दुसरी कात्री. ती शिंपीण होती, दुकान तिचं स्वतःचं, आणि पिशवीत कायम छाटणीची कात्री. कुणाच्याही दारातली वाळकी फांदी दिसली की तिचा हात शिवशिवायचा. या मंडळींचा एक नियम होता. फांदी मागायची, कलम मागायचं, बी मागायचं, पण मूळ झाड मागायचं नाही आणि द्यायचंही नाही. मूळ झाड ज्याचं त्याच्या दारी. आणि दिलेल्या फांदीची चौकशी करायचा हक्क देणाऱ्याला जन्मभर. "आमची लेक कशी आहे तुमच्याकडे?" असं विचारायचे, आणि समोरचा आपल्या मुलीसारखं कौतुक सांगायचा.

त्या संध्याकाळी ताई पडल्या, ते जिना ओला होता म्हणून नव्हे. चप्पलही सटकली नाही. जिना संपला असं त्यांना वाटलं आणि तो संपला नव्हता, एवढंच. भाऊजी स्वयंपाकघरात होते. त्यांनी आधी झारीचा आवाज ऐकला. झारी गडगडत खाली आली, भिंतीवर आपटली, आणि गप्प झाली. तिच्यामागून ताई आल्या नाहीत. त्या जिन्याच्या मधल्या वळणावर आडव्या पडल्या होत्या, डोळे उघडे, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, घाबरू नका. पण मला उठता येत नाहीये." खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलं. ताई तिथे असतानाच भाऊजींनी ठरवून टाकलं. तो जिना पुन्हा नाही. आणि जिना नको तर बाग नको. त्यांनी खतकाकांना फोन केला आणि आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोलले. "ताईंनी सांगितलंय," ते म्हणाले, "सगळ्या कुंड्या घेऊन जा. वाटून घ्या आपापसात."

मंडळी टेम्पो घेऊन आली. कुणी काही विचारलं नाही. आणि चूक झाली ती इथेच. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, की का हो, सगळी बाग का देताय? पण ही मंडळी बागवाली. मूळ झाडं कुणी केव्हा देतं, हे त्यांनी आपल्याच मनाशी ठरवलं. ताईंनी आशा सोडली, असा त्यांनी अर्थ लावला, आणि अशा वेळी प्रश्न विचारून जखमेवर मीठ कशाला चोळायचं, म्हणून सगळे मूग गिळून गप्प राहिले. कात्री गुलाबाची कुंडी पोटाशी धरून जिना उतरली. लिंबोणीचा ड्रम उतरवताना खतकाकांनी दोनदा डोळे पुसले आणि भाऊजींना म्हणाले, "धूळ फार आहे हो वर." त्यानंतर ती मंडळी फिरकलीच नाहीत. जिची बाग उचलून नेली, तिच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं?

ताई घरी आल्या. खिडकीच्या समोरच्या भिंतीशी त्यांचा पलंग होता, तिथे त्यांना निजवलं. पहिल्याच सकाळी त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "लिंबोणीला पाणी घातलंत?"

भाऊजींनी सांगायचं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण बायकोचा चेहरा उशीवर इतका लहान दिसत होता, की त्यांनी ती वाक्यं बाजूला ठेवली. "जातोच आता," ते म्हणाले. झारी उचलली, जिना चढले, रिकाम्या गच्चीवर उभे राहिले, खाली आले. "घातलं," ते म्हणाले.

ताईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा मिटले आणि म्हणाल्या, "बरं. आता मला सांगा, कशी आहेत सगळी."

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी ऊन पडद्यावर आलं की ताई डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "चला." मग ती दोघं वर जायची. एक पलंगावर, एक खुर्चीत. सुरुवातीला भाऊजींचं सांगणं म्हणजे निव्वळ तपासणीचा अहवाल होता. गुलाब ठीक. जाई ठीक. ताई विचारायच्या, "ठीक म्हणजे काय? पानं कशी आहेत? शेंडा कुठल्या बाजूला वळलाय?" भाऊजींची पंचाईत व्हायची. पडलेल्या माणसांबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, उभ्या झाडांबद्दल काहीच नाही.

म्हणून ते वर जास्त वेळ थांबायला लागले. गच्चीच्या फरशीवर कुंड्यांच्या तळांची वर्तुळं उरली होती. लहान, मोठी, कुठे गंजाची तांबूस, कुठे शेवाळाची हिरवी. त्यावरून त्यांना कळे की इथे ड्रम होता, इथे जाई. ते एकेका वर्तुळासमोर उभे राहायचे आणि तिथे काय असेल याचा विचार करायचे. लिंबोणीला नवीन पान फुटलं असेल तर त्याचा रंग कसा असेल? आधी तांबूस, मग पोपटी, हे त्यांना कधीतरी ताईंनीच सांगितलं होतं, पेपर वाचताना, आणि ते नुसतं हूं म्हणाले होते. आता ते आठवायचं. मग पान दिसायचं. मग त्याच्या शेजारचं. हळूहळू त्या रिकाम्या गच्चीवर त्यांना वाकून चालायची सवय लागली, कारण जाईची वेल तिथे खाली आलेली असायची.

एकदा एक फुलपाखरू आलं, खरंखुरं, पिवळं. ते गुलाबाच्या वर्तुळावर घिरट्या घालत राहिलं. भाऊजी श्वास रोखून उभे राहिले, फांदी हलली तर ते उडून जाईल म्हणून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उतरताना त्यांनी नकळत बोटं नाकाशी नेली आणि त्यांना पुदिन्याचा वास आला. ते जिन्यातच थांबले. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांना भीती वाटली नाही. उलट खाली जाऊन हे कधी एकदा सांगतो असं झालं.

आणि ते सांगायचे. "आज पिवळं फुलपाखरू आलं होतं. गुलाबाला चार कळ्या आहेत, त्यातली एक उद्या उमलेल. जाई पार दोरीच्या पलीकडे गेलीय, तिला आता कात्रीबाईंच्या हवाली करायला हवी." ताई डोळे मिटून ऐकायच्या. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू यायचं. पडद्यातून ऊन पांघरुणावर यायचं, बाहेर कुणाची तरी सायकल जायची, आणि त्या खोलीत दोघंजणं एका नसलेल्या बागेत हिंडत असायची. दोघांनाही परत यायची घाई नसायची.

पण ताई चालत नव्हत्या.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. चांगली होती, हसतमुख, पण खमकी. वॉकर, म्हणजे धरून चालायची चौकट, पलंगाशी आणून ठेवायची. ताई उठून बसायच्या, पाय खाली सोडायच्या, पावलं फरशीला टेकवायच्या. मग समोर खिडकीकडे बघायच्या, आणि पाय परत वर घ्यायच्या. "आज नको," म्हणायच्या. एकदा निघताना मुलीने भाऊजींना बाजूला घेतलं. "काका, हाड उत्तम जुळलंय. अडचण पायात नाहीये. पण आता उठल्या नाहीत ना, तर पुढे उठायचं म्हटलं तरी जमणार नाही. स्नायू विसरतात." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

भाऊजी पलंगाशी बसले. "अगं, चालायला हवं."

"कुठे जायचंय मला?" ताई म्हणाल्या.

"गच्चीवर. तुझी बाग वाट बघतेय."

"हो का," ताई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

भाऊजींच्या जिवाची त्या दिवसांत भारी ओढाताण झाली. ती उठावी म्हणून ते झुरत होते. आणि ती उठली तर वर जाणार, वर गेली तर बघणार, याची धास्तीही होती. एखाद्या सकाळी ती "आज नको" म्हणाली की त्यांना आतून सुटल्यासारखं वाटे, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच एवढी लाज वाटे की ते स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसत.

अशात एका दुपारी खतकाका आणि कात्री आले. शेवटी त्यांना राहवलं नव्हतं. भाऊजींनी त्यांना बाहेरच्या खोलीत गाठलं आणि दार लोटून घेतलं. "एक सांगायचंय. कुंड्यांचं तिला काही बोलू नका. तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?" खतकाका म्हणाले.

"की मी त्या दिल्या."

खतकाका मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे तिने सांगितलं नव्हतं? अहो भाऊजी, तुम्ही आम्हाला चोर केलंत की. मी ती लिंबोणी दारात ठेवलीय आणि रोज तिच्याशी नजर चोरून आतबाहेर करतोय. मला वाटलं, ताई आता..."

"मला ती पुन्हा त्या जिन्यावर नको होती," भाऊजी म्हणाले.

कात्रीने लोटलेलं दार उघडलं. ती आत गेली आणि ताईंच्या पलंगावर बसली. हात हातात घेतला. पुष्कळ बोलणं झालं. दुकानातलं, गिऱ्हाइकांचं, गुडघेदुखीचं. ताई हसल्या, दोनदा तर अगदी मोकळ्या हसल्या. खतकाका दाराशी उभे राहून पिंपातल्या गांडुळांच्या गमती सांगत होते. भाऊजींचा जीव टांगणीला लागला होता, की आता ताई विचारतील, आमची लेक कशी आहे, आणि यांच्या तोंडून काहीतरी निसटेल. पण ताईंनी विचारलं नाही. एकाही झाडाचं नाव काढलं नाही. भाऊजींना हायसं वाटलं. कात्रीला मात्र वाटलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

"भाऊजी, रोज पाणी घालायला जाता म्हणे. चला, मलाही दाखवा."

ती दोघं वर गेली. भाऊजींनी सवयीने झारी उचलली होती. कात्रीने ती हातात घेऊन हलवली. "ह्यात पाणी का नाही?"

"जिना ओला होतो."

कात्री गच्चीभर फिरली. वर्तुळांवर पाय पडू न देता फिरली, हे भाऊजींनी पाहिलं आणि त्यांना एकदम तिच्याबद्दल माया वाटली. कोपऱ्यात, जिथे गच्चीचा उतार संपतो आणि पाणी पाइपात जातं, तिथे ती वाकली. पाइपाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. चांगलं घट्ट, बऱ्याच दिवसांचं, मधोमध कोळी निवांत बसलेला. कात्री त्या जाळ्याकडे बघत राहिली. मग कठड्यावरून वाकून तिने तो पाइप कुठे उतरतो ते पाहिलं, खालच्या खिडकीपर्यंत, आणि सावकाश सरळ झाली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही फार शहाणे आहात असं मला इतकी वर्षं वाटत होतं."

"का? काय झालं?"

"काही नाही." नवराबायकोच्या मधे कात्री चालवायची नाही हे तिने दुकानात बसून केव्हाच शिकून घेतलं होतं. "उद्या तुम्ही तिला तपासायला दवाखान्यात नेणार ना? घराची किल्ली मला द्या."

भाऊजींनी ओळखलं, ती कशासाठी. त्यांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. डोळ्यांसमोरून झारी गडगडत गेली. "आणि ती पुन्हा पडली तर?"

"तर पुन्हा उचलू. आम्ही कुठे मेलोय? पण तिची बाग तिच्या डोक्यावर असू दे. मग ती चढो न चढो."

खाली खोलीत ताई खतकाकांच्या कशावर तरी हसत होत्या. तो आवाज वरपर्यंत येत होता. भाऊजींनी किल्ली दिली.

"आणि परवा सकाळी," कात्री म्हणाली, "तुम्ही वर यायचं नाही. तिच्यापाशी बसायचं. काय वाट्टेल ते झालं तरी."

त्या सकाळी ऊन पडद्यावर आलं तसे भाऊजी खुर्ची ओढून पलंगाशी बसले. ताईंनी विचारलं, "आज वर नाही गेलात?" ते म्हणाले, "जाईन मग." ताईंनी डोळे मिटले. "बरं. चला, इथूनच जाऊ."

भाऊजी सांगायला लागले. वर कुंड्या परत आल्या आहेत हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी त्या अजून पाहिल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी आपली बाग सांगितली. लिंबोणीला कळ्या आल्या होत्या, बाहेरून जांभळट, आतून पांढऱ्या. नेच्याचं एक नवं पान मूठ मिटून बसलं होतं. जाईखालून जाताना वाकावं लागत होतं. त्यांचा आवाज संथ झाला होता आणि त्यांचेही डोळे मिटत आले होते.

तेवढ्यात खिडकीबाहेर, पाइपात, काहीतरी टपकलं.

मग पुन्हा. मग एक बारीक धार, आणि मग खळखळ करत पाणी वरून खाली उतरू लागलं. ताईंचे डोळे उघडले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बोलू नका."

त्या ऐकत होत्या. मान उशीवरून उचललेली, ओठ किंचित उघडे. भाऊजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. वर पाणी घातलं की पाइप वाजतो. नेहमीच वाजत होता. इतकी वर्षं त्या पाइपाची त्यांनी घंटा केली होती, पण तो पाण्याचा पाइप आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि अंथरुणावर कोण पडलं होतं, तर जिचे कान नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायचे.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"घरी आले त्याच सकाळी. तुम्ही वर गेलात, खाली आलात, म्हणालात घातलं. पाइप कोरडा ठणठणीत. मला वाटलं, विसरला असाल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग समजले, की वर काही उरलेलंच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही इतकं सुंदर सांगत होतात. लग्न झाल्यापासून माझ्याशी इतकं सलग बोलला होतात का कधी? मला वाटायचं, मी बोलले की तुम्ही थांबाल." ताईंनी मान उशीवर टेकली. त्यांचा आवाज बदलला. "आणि रागही होता. खूप राग होता. तुमच्यावर, आणि त्या मंडळींवरसुद्धा. वाटायचं, ह्यांनी ठरवून टाकलं की ही आता उठत नाही. घरच्या माणसानेच असं ठरवलं, तर मी पाय कुणासाठी टेकायचा?"

"मी तसं नव्हतं गं ठरवलं." भाऊजी म्हणाले. "मी घाबरलो होतो. झारी आली आणि तू आली नाहीस. मी तिथे उभा होतो आणि तू येतच नव्हतीस." हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ताईंनी त्यांचे हात धरले. पाइप वाजतच होता. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "हा हात खतकाकांचा. बस चालवल्यासारखं पाणी घालतात, भसकन. लिंबोणीला जास्त होईल. जा, सांगा त्यांना, पुरे म्हणावं."

"तुला एकटीला टाकून?"

"मी पलंगावर आहे. पलंगावरून पडल्याचा दावा कधी आला होता का तुमच्याकडे?"

"पुष्कळ आले होते," भाऊजी म्हणाले.

"जा म्हटलं ना."

ते गेले. जिना थोडा ओला होता, वर कुणीतरी भरलेल्या बादल्या नेल्या होत्या. ते कठडा धरून चढले. गच्चीच्या दारात आले आणि सवयीने वाकले, आणि खरोखरच जाईची वेल त्यांच्या केसांना लागली. सगळी परत आली होती, ज्याच्या त्याच्या वर्तुळात. गुलाबाला चार कळ्या नव्हत्या, एकच होती, आणि लिंबोणी जराशी सुकलीच होती, पण भाऊजींना ती बघून भरून आलं. कात्री जाईची काडी छाटत होती. खतकाका हिरवी झारी घेऊन ड्रमपाशी उभे होते.

"लिंबोणीला पुरे म्हणतेय," भाऊजी म्हणाले. "तुमचा हात ओळखला तिने."

खतकाकांनी झारी एकदम मागे घेतली. कात्री हसली आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. ह्या खेपेला धुळीचं नाव कुणी काढलं नाही.

तेवढ्यात टकटक झाली. पाइपवर, दोनदा.

भाऊजींना वाटलं, चहा झाला. मग त्यांच्या लक्षात आलं की चहा करणारा माणूस तर इथे उभा आहे. आणि पलंग एका भिंतीला होता, खिडकी समोरच्या. मधे अख्खी खोली होती.

ते जिन्याकडे धावले. चौकटीची रबरं झिजलेली असतील, फरशी सकाळीच पुसली होती, तिने सपाता घातल्यात की नाही, खिडकीतून हात काढताना तोल गेला तर. सगळे दावे एकदम त्यांच्या डोक्यात उघडले. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला. खतकाका आणि कात्री त्यांच्याकडे बघत होते. खालून पडल्याचा आवाज आला नाही. हाकही आली नाही. ती तिथे उभी होती, आणि तिला तिथवर कुणी नेलं नव्हतं.

भाऊजींनी पायरीवरचा पाय मागे घेतला.

त्यांनी खतकाकांच्या हातातून झारी घेतली. ती काठोकाठ भरलेली होती, जड होती. ते कोपऱ्यात गेले. पाइपाच्या तोंडावरचं जाळं वाहून गेलं होतं, कोळी शेजारच्या विटेवर चढून बसला होता. भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी झारी सावकाश तिरपी केली. पाणी खळखळत खाली गेलं, खिडकीपर्यंत, आणि पुढे. झारी पार रिकामी होईपर्यंत ते ओतत राहिले. मग कान पाइपाच्या तोंडाशी नेऊन थांबले.

खालून पुन्हा टकटक आली.

"अहो," पाठोपाठ ताईंचा आवाज आला, धापा टाकत, पण चांगला खणखणीत, "वाया कशाला घालवताय? गुलाबाला घाला."

भाऊजी उठले आणि झारी भरायला गेले.